‘हे वाचून बघा’ म्हणण्याआधी: गोव्यात नव्यानं पुस्तकं विकायला बसणाऱ्यांसाठी

गोव्यातलं गिऱ्हाईक कोंकणीत बोलतं, मराठीत वाचतं आणि मुलांसाठी इंग्रजी पुस्तक मागतं. ही तीन गिऱ्हाइकं नव्हेत, एकच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आलेलं, हातात भरलेली पिशवी, बसला वीस मिनिटं. दारातूनच विचारतं, “वाचपाक बरें कितें आसा?” त्याला “सगळींच बरीं” असं सांगितलंत तर ते पंचांग नाहीतर आरतीसंग्रह घेऊन बस पकडेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

सवलतीत ऑनलाइन दुकानांशी छोट्या दुकानाचा टिकाव लागत नाही. कुठलं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं, एवढा अंदाजच काय तो आपला. तो वहीतून येतो.

आधी वही

दोनशे पानी एक जाड वही घ्या. एका पुस्तकाला एक पान. दुकान उघडण्याआधी अशी निदान ४० पानं भरलेली हवीत. नुसतं नाव, लेखक आणि ‘छान आहे’ लिहून उपयोग नाही. नमुन्यादाखल एक पान असं:

‘कादंबरी, १८४ पानं, ₹२८०. खाणीच्या गावात बदली झालेली शिक्षिका. पहिली ३० पानं संथ, मग सुटते. कुणाला: निवृत्त शिक्षक, गावाबद्दल वाचायला आवडणारे. कुणाला नको: शेवट गोड लागणारे. पान ११२: देवळातल्या मानावरून भांडण, शिव्या आहेत.’

‘कुणाला नको’ ही ओळ नवे विक्रेते गाळतात. खरं तर तीच सगळ्यात कामाची. एकदा चुकीचं पुस्तक गळ्यात मारलं की ते गिऱ्हाईक परत ‘कितें बरें’ असं विचारत नाही, यादी घेऊन येतं. यादीतलं देणं कोणालाही जमतं.

येणारं प्रत्येक नवं पुस्तक पूर्ण वाचणं शक्य नसतं. पहिली ५० पानं सलग वाचा, मधली कुठलीही १० आणि शेवटचं प्रकरण. शेवट सोडू नका, कारण “शेवटी मरतं काय कोण?” हा प्रश्न ठरलेला. जे वाचलं नाही त्याबद्दल तसं सरळ सांगा: “हे मी वाचलेलं नाही, पण या लेखकाचं आधीचं वाचलंय.” मलपृष्ठावरचा मजकूर स्वतःचं मत म्हणून ऐकवला की तो लगेच ओळखू येतो, कारण गिऱ्हाइकानं तोच आत्ता उभ्याउभ्या वाचलेला असतो.

नवं काय येतंय ते कळायला दिवाळी अंक फार उपयोगी. १९०९ साली ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही प्रथा आपण विक्रीचा हंगाम म्हणून बघतो, पण नव्या लेखकांची पाहणी यातच होते. तीन वेगवेगळ्या अंकांत एकच अनोळखी नाव चांगलं लिहिताना दिसलं तर ते वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. पुस्तक आलं की तुमचं वाचन अर्धं झालेलं असेल.

किती प्रती मागवायच्या

मराठी प्रकाशक आणि वितरक दुकानदाराला साधारण २५ ते ४० टक्के सूट देतात. रोखीनं जास्त, उधारीवर कमी, आणि ‘विक्री किंवा परत’ या बोलीवर त्याहून कमी. नव्या लेखकाचं पुस्तक आधी दोनच प्रती आणा. मनापासून शिफारस करणार असाल तर पाच. पण आधी हा हिशेब मांडा.

पुस्तक ₹३०० चं, सूट ३० टक्के. एक प्रत ₹२१० ला पडते, पाच प्रती ₹१०५०. पुण्याहून रात्रीच्या बसनं पार्सल आलं, तुमच्या वाट्याचं भाडं ₹४० धरा. झाले ₹१०९०. आता प्रत्येकाला १० टक्के सवलत देऊन ₹२७० ला विकलंत तर चार प्रती विकून हातात ₹१०८०. चार गिऱ्हाइकं खूश आणि दहा रुपये तुमच्या खिशातले गेले. सगळा नफा पाचव्या प्रतीत अडकलेला असतो, आणि पाचवी प्रत बहुधा फळीवरच राहते. म्हणून शिफारस करून विकायच्या पुस्तकावर सरसकट सवलत नको. ती वाचनालयांना द्या, एकदम सहा-सात पुस्तकं घेणाऱ्याला द्या. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे तिथून काही सुटेल अशी आशाही नको.

‘परत’ची बोली असेल तर तीन गोष्टी बिलावरच लिहून घ्या: परतीची मुदत किती, परतीचं भाडं कुणाचं, आणि किमतीचं लेबल चिकटवलेली प्रत चालते का. तिसरी गोष्ट हास्यास्पद वाटते, पण परतीची भांडणं बहुतेक तिच्यावरूनच होतात. लेबल चिकटवूच नका. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं आपला खुणेचा आकडा लिहा.

फळी आणि चिठ्ठी

तीन फुटांच्या फळीवर कणा दाखवून पन्नासेक पुस्तकं मावतात, मुखपृष्ठ दाखवून जेमतेम सहा. म्हणजे मुखपृष्ठ दाखवण्याची जागा ही दुकानातली सगळ्यात महागडी जागा. ती डोळ्यांच्या उंचीला, दारातून डाव्या-उजव्या नजरेत येईल अशी एकच फळी ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. खपणारी पुस्तकं तिथे लावायचा मोह होतो. ती शोधून घेतली जातात, त्यांना कणा पुरतो.

शिफारस केलेल्या पुस्तकाखाली हातानं लिहिलेली चिठ्ठी लावा, पाच बाय तीन इंचांची, तीस-पस्तीस शब्दांची. ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘प्रत्येकानं वाचावं असं’ हे शब्द तिच्यावर नकोत. पुस्तकात काय आहे ते लिहा: कोण, कुठे, काय अडलंय. बॉलपेन वापरा. शाईच्या पेनानं लिहिलेली चिठ्ठी जूनमध्ये गोव्याच्या हवेत आपोआप पसरते.

बोलायचं कसं

दोनच प्रश्न विचारायचे. ‘कुठल्या प्रकारचं आवडतं?’ हा त्यात नाही, कारण त्याचं उत्तर सगळे ‘कसलंही’ असं देतात. डिचोलीच्या एखाद्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेशी संवाद साधारण असा होतो:

“बाई, शेवटचं पुरं वाचलेलं कुठलं?”

“एक आत्मचरित्र. बरं होतं, पण अर्ध्यानंतर नुसते सत्कारच सत्कार.”

“आणि मध्येच ठेवून दिलेलं?”

“ती कादंबरी. कोण कुणाकडे उलयता, तेंच कळना.”

एवढ्यात सगळं आलं. त्यांना घडलेलं, सरळ क्रमानं सांगितलेलं हवंय आणि सांगणाऱ्यानं स्वतःची टिमकी वाजवलेली नकोय. तेव्हा प्रयोगशील कादंबरी, कितीही गाजत असली तरी, आज नाही. कष्टातून वर आलेल्या, कमी बोलणाऱ्या माणसाची आठवणींची पुस्तकं काढा. एक द्या, फार तर दोन. पाच पुस्तकं समोर ठेवली की माणूस ‘विचार करून येतो’ म्हणतो. पुस्तक हातात द्या, वहीत टिपलेलं पान उघडून द्या आणि दोन मिनिटं बाजूला व्हा.

नाटकांची फळी

पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला हे सांगितलं तर पटणार नाही, पण गोव्यात नाटकांच्या संहितांना गिऱ्हाईक आहे. जत्रांच्या हंगामात गावोगाव देवळांच्या पटांगणात मराठी नाटकं होतात, आणि मंडळाचे दोघं-तिघं आधी महिनाभर दुकानं पालथी घालतात. ते लेखक विचारत नाहीत. “बायलांची पात्रां किती?” हा पहिला प्रश्न. म्हणून नाटकाच्या चिठ्ठीवर अंक किती, पुरुष पात्रं किती, स्त्री पात्रं किती, देखावे किती आणि प्रयोगाला अंदाजे वेळ किती, एवढंच लिहा.

हेच लोक मग कला अकादमीच्या स्पर्धेसाठी दुसरं नाटक शोधायला येतात. तिथली निवड वेगळी असते. भाषा, लैंगिकता, धर्म यांवर टोकदार बोलणारं नाटक स्पर्धेच्या प्रेक्षकांपुढे चालतं, जत्रेत आजी-नातवंडांसमोर मंडळाची अडचण होते. तुमचं काम अडवण्याचं नाही. ‘दुसऱ्या अंकात हा प्रवेश आहे, तो वाचून मग ठरवा’ असं पान उघडून दाखवा. तालमी सुरू झाल्यावर कळलं तर दोष तुमच्या दुकानाला येतो.

एक प्रत घेऊन बाराजणांसाठी झेरॉक्स काढायची रीत सगळीकडे आहे. सहा प्रती घेतल्यास घसघशीत सूट असं आधीच सांगा, बरेचजण ऐकतात. आणि प्रयोगासाठी लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी वेगळी लागते, पुस्तक विकत घेतल्यानं ती मिळत नाही, हेही सांगून टाका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क वारसांकडे असतो.

वादातलं पुस्तक

इथे घाई करू नका. ‘ह्या पुस्तकावर बंदी आहे ना?’ असं विचारणाऱ्या दहांतल्या आठांच्या मनात असलेलं पुस्तक कधीच बंदी घातलेलं नसतं. तेव्हा पहिलं काम, नेमकं काय झालंय ते शोधणं.

सरकारी जप्ती हा एक प्रकार. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८ आहे. राज्य सरकार कारणं देऊन अधिसूचना काढतं आणि सगळ्या प्रती सरकारजमा ठरवतं. नवख्यांना इथला एक बारकावा ठाऊक नसतो: अधिसूचना दुसऱ्या राज्यानं काढली असली तरी पोलीस ती प्रत भारतात कुठेही ताब्यात घेऊ शकतात. महाराष्ट्रात निघालेला कागद पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाही. अशा अधिसूचनेला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. गोव्यातून तो अर्ज पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जाईल.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण या दृष्टीनं समजून घेण्यासारखं आहे. प्रकाशकानं ते नोव्हेंबर २००३ मध्येच भारतातून मागे घेतलं. जानेवारी २००४ मध्ये, पुस्तकाला मदत केल्याच्या रागातून, पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, मग महाराष्ट्र सरकारची जप्ती आली. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण कायद्यानं मोकळं झालेलं पुस्तक दुकानात आलंच असं होत नाही. प्रकाशक छापायला तयार लागतो.

दुसरा प्रकार आयातबंदीचा. रश्दींची ‘सॅटनिक व्हर्सेस’ १९८८ मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली अडवली गेली. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना कोणालाच सादर करता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वात नाही असं धरून न्यायालयानं प्रकरण निकाली काढलं. छत्तीस वर्षं सगळे ज्या कागदावर विसंबले तो कागदच सापडेना. म्हणून ‘बंदी आहे’ असं कोणी म्हणालं की कागदाचा क्रमांक विचारायचा.

तिसरा, प्रकाशकानं किंवा लेखकानं स्वतःहून मागे घेणं, किंवा न्यायालयाची स्थगिती. इथे तुम्हाला प्रकाशकाचं पत्र येतं. विक्री थांबवा, प्रती मोजून परत पाठवा, पोच ठेवा.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: नुसता गदारोळ. कोबाद गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला महाराष्ट्र शासनानं डिसेंबर २०२२ मध्ये पुरस्कार जाहीर केला आणि काही दिवसांतच रद्द केला. रद्द झाला तो पुरस्कार. पुस्तक विकायला कसलीच आडकाठी नव्हती, उलट मागणी वाढली. आपल्याकडे विष्णू सूर्या वाघ यांच्या ‘सुदिरसूक्त’ या कोंकणी कवितासंग्रहावरून २०१७ मध्ये असाच पुरस्कारावरून वाद पेटला, प्रकरण पोलिसांतही गेलं. अशा वेळी गिऱ्हाईक कुजबुजत विचारतं, जणू गांजा मागतंय. तुम्ही नेहमीच्या आवाजात उत्तर द्या.

अश्लीलतेचा कायदा मात्र दुकानदारानं नीट समजून घ्यावा, कारण त्यात थेट दुकानदार सापडतो. रणजित उदेशी खटल्यातले आरोपी लेखकही नव्हते, प्रकाशकही नव्हते. मुंबईतल्या पुस्तकांच्या स्टॉलचे ते भागीदार होते. पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाला त्यांनी लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची प्रत विकली. ‘आत काय आहे ते माहीत नव्हतं’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये मानला नाही. पुढे २०१४ मध्ये त्याच न्यायालयानं अश्लीलतेची जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली. आता मजकूर समग्र आणि आजच्या समाजाच्या नजरेनं पाहिला जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला सूट आहे. पण कलम २९५ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला अश्लील मजकूर विकणं हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा आहे. शाळेच्या गणवेशात आलेल्या मुलाच्या हातात काय देतो याकडे लक्ष हवं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. वादातलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचा, इथे ५० पानांची सवलत नाही. आक्षेप कुठल्या पानावर आहे ते वहीत टिपा. आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा दोन वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर तुम्हाला वाद कळलेला नाही. खरेदीचं बिल वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ‘पुस्तकावर कोणतीही कायदेशीर रोक नाही’ असं प्रकाशकाकडून ई-मेलवर मागून घ्या.

पुस्तक त्याच्या विषयाच्या फळीवर ठेवा: इतिहास तर इतिहासात, कविता तर कवितेत. ‘वादग्रस्त पुस्तकं’ अशी पाटी लावलेली फळी मागणी वाढवते खरी, पण तिथून पुस्तक उचलणारा वाद विकत घेतो आणि पुस्तक घरी तसंच पडतं. चिठ्ठीवर वादाचा उल्लेख एका वाक्यापेक्षा जास्त नको. काउंटरखाली लपवूनही ठेवू नका. लपवलेली प्रत बघणाऱ्याला कबुलीजबाबासारखी दिसते.

गोव्यात आणखी एक जपायचं. इथे चिडचिड होते ती बहुधा भाषेच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांवरून: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, इन्क्विझिशन, धर्मांतरं, देवळांचे मान. यातलं एका बाजूचं पुस्तक ठेवलंत तर दुसऱ्या बाजूचं शेजारी हवंच, आणि कोंकणीतलं देवनागरीबरोबर रोमी म्हणजे रोमन लिपीतलंही. विलीनीकरणवादी काकांना विरोधकाचं पुस्तक विकता आलं तर समजा दुकान लागलं मार्गी. ते घेतील, रागारागानं वाचतील आणि भांडायला परत येतील. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा.

कोणी घोळका करून आलं तर वाद घालू नका. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढायचं, ११२ ला फोन लावायचा. तोंडी मागणीवर प्रती कोणालाही देऊ नका. लेखी तक्रार मागा, नाव आणि तारखेसह. पोलीस आले तर लेखी आदेश बघायला मागा, किती प्रती नेल्या त्याच्या पंचनाम्याची प्रत घ्या, अडवू नका आणि त्याच दिवशी वकिलाला आणि प्रकाशकाला कळवा. वकिलाचा नंबर आधीच काउंटरच्या आत चिकटवलेला असावा.

पावसाळा आणि टपाल

बुरशीचा वास येणारी प्रत कितीही गोड बोलून विकली जात नाही. खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर, रॅकची पाठ भिंतीपासून चार इंच लांब. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक लावा. काटा सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि जुलैत तो तिथेच राहतो. पुस्तकं फळीवर गच्च कोंबू नका, वारा खेळू द्या. डाग पडलेली प्रत पंख्याखाली सावलीत वाळवून मऊ ब्रशनं दुकानाबाहेर झाडा. उन्हात ठेवलीत तर मुखपृष्ठ वळतं. कसर दिसली तर ती फळी पूर्ण रिकामी करा, एकच पुस्तक झटकून भागत नाही.

सत्तरी, काणकोण, पेडण्याच्या गिऱ्हाइकाला दर वेळी येणं जमत नाही. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ १ मे २०२५ पासून आहे: ३०० ग्रॅमपर्यंत ₹२०, वाढत जाऊन ५ किलोला ₹१००, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. पार्सलवर आत पुस्तकं असल्याचं लिहा, आणि पावसाळ्यात आधी प्लॅस्टिक, मग कागद.

शिफारस केलेलं पुस्तक ९० दिवसांत हललं नाही तर आधी चिठ्ठी नव्यानं लिहा, मग फळी बदला. त्यानंही तीन आठवड्यांत काही झालं नाही तर परतीची मुदत बघून पेटीत घाला, आणि वहीतल्या त्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवा: चिठ्ठी चुकली, किंमत चुकली, की पुस्तकच चुकलं.